‘नो डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर’ पुन्हा आला? जावा बीन कुठून तपासायला घ्यावा

कंपाइल बिनतक्रार होतं, टॉमकॅट (जावाची वेब अ‍ॅप्लिकेशनं चालवणारा सर्व्हर) वर येतो, लॉगिनही होतं. मग ज्या पानावर खरं काम आहे तेच उघडावं, तर समोर ५०० ची, म्हणजे सर्व्हरच्या आत काहीतरी कोसळल्याची, एरर. इंदुरात मी बरीच वर्षं जावाच्या जुन्या-नव्या वेब अ‍ॅप्लिकेशनांची डागडुजी करतोय. संध्याकाळी भंवरकुआंकडून शेवटच्या वर्षाची मुलं लॅपटॉप काखेत मारून येतात, त्यांचेही प्रोजेक्ट बघतो. बीन म्हणजे आधी रिकामा घडवून मग किंमती भरायचा जावाचा क्लास, आणि कन्स्ट्रक्टर म्हणजे त्याचा ऑब्जेक्ट घडवणारा कोड. तो बिनपॅरामीटरचा, रिकामा कन्स्ट्रक्टरच न सापडणं हा एक बिघाड इतक्यांदा हाताखालून गेलाय की फोनवरच्या पहिल्या वाक्यातच ओळखू येतो. तरी परत येतो, कारण दर वेळी वेगळ्या वेषात येतो.

आधी लक्षणं

जेएसपीच्या, म्हणजे जावावर चालणाऱ्या वेबच्या पानात यूजबीनचा (बीन आणून देणारा) टॅग असेल तर टॉमकॅट म्हणतो की यूजबीनच्या क्लास अ‍ॅट्रिब्यूटची व्हॅल्यू ‘इनव्हॅलिड’ आहे. नाव तर बरोबर लिहिलेलं असतं, म्हणून माणूस स्पेलिंग तपासत बसतो.

हायबरनेट (डेटाबेसच्या नोंदी आणि जावाचे ऑब्जेक्ट यांची ने-आण करणारी लायब्ररी) असेल तर लॉगमध्ये ‘नो डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर फॉर एन्टिटी’ दिसतं. एन्टिटी म्हणजे अशा नोंदीसाठी लिहिलेला क्लास. हे लक्षण फसवं आहे. नोंद साठवताना काहीच होत नाही, तीच नोंद वाचायला गेलं की फुटतं.

जेसनवरून, म्हणजे मजकुराच्या रूपात आलेल्या डेटावरून, ऑब्जेक्ट बनवताना जॅक्सन (त्याच कामाची लायब्ररी) ‘कॅनॉट कन्स्ट्रक्ट इन्स्टन्स ऑफ’ असं सुरू करतो आणि पुढे ‘नो क्रिएटर्स, लाइक डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर, एक्झिस्ट’ अशी पुस्ती जोडतो. स्प्रिंग हा फ्रेमवर्क ‘नो डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर फाउंड’ म्हणतो. सर्व्हलेट (ब्राउझरच्या मागणीला उत्तर देणारा क्लास) असेल तर ‘एरर इन्स्टॅन्शिएटिंग सर्व्हलेट क्लास’.

आणि सगळ्यात वाईट लक्षण म्हणजे कुठलीच एरर नसणं. पान येतं, पण एक रकाना रिकामा. चेकबॉक्सवर खूण केली तरी साठताना ‘फॉल्स’. असं असेल तर अर्धा लेख ओलांडून थेट नावांच्या भागावर गेलात तरी चालेल.

हे होतं का

सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर काही न बोलता उभे राहा. प्लेटमध्ये शेव, कांदा, जिरावन सगळं आपोआप पडतं. पण ‘भिया, बस नींबू डालना’ एवढं तोंडातून निघालं की त्याचा हात थांबतो. आता तुम्ही सांगाल तेवढंच.

जावाचा कंपायलर अगदी असाच आहे. क्लासमध्ये तुम्ही एकही कन्स्ट्रक्टर लिहिला नाही, तर तो स्वतःहून एक घालतो: पॅरामीटर नाही, आत फक्त वरच्या क्लासच्या रिकाम्या कन्स्ट्रक्टरला हाक. हाच डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर. मात्र तुम्ही स्वतः कुठलाही एक कन्स्ट्रक्टर लिहिलात, मग तो दहा पॅरामीटरांचा का असेना, की फुकटचा मिळायचा बंद. त्याबद्दल कंपायलर चकार शब्द काढत नाही.

त्याने बोलायचं तरी कशाला? तुमच्या कोडमध्ये त्या रिकाम्या कन्स्ट्रक्टरला कोणी हाक मारतच नाही. हाक मारणारे असतात टॉमकॅट, हायबरनेट, जॅक्सन. त्यांना तुमच्या क्लासची ओळख चालू सर्व्हरवर रिफ्लेक्शनने, म्हणजे क्लासच्या आत डोकावून, होते. जेएसपी, एक्सएमएल किंवा अ‍ॅनोटेशनमधून क्लास कळला की आधी रिकामा ऑब्जेक्ट घडवायचा आणि मग सेटरने एकेक किंमत भरायची, ही त्यांची साधी रीत.

ही रीत आली सन मायक्रोसिस्टिम्सच्या जावाबीन्स स्पेसिफिकेशनमधून. तिची १.०१ आवृत्ती १९९७ ची. तेव्हा डोळ्यांसमोर वेब नव्हतंच. बटणं, स्लायडर असे तुकडे माउसने ओढून पडद्यावर बसवायची साधनं होती. त्या साधनाला ऑब्जेक्ट घडवता यावा म्हणून रिकामा कन्स्ट्रक्टर, आणि शेजारच्या चौकटीत रंग, रुंदी वगैरे दाखवता यावी म्हणून किंमत वाचणाऱ्या गेटरची आणि भरणाऱ्या सेटरची ठरावीक नावं. वेबवाल्यांनी हा संकेत जसाच्या तसा उचलला. संकेत म्हणजे संकेतच, तो मोडला म्हणून कंपायलर कोणाला अडवत नाही.

एका पतसंस्थेचं काम माझ्याकडे होतं. रंगपंचमीच्या आदल्या संध्याकाळी तिथल्या एका नव्या मुलाने पावतीच्या क्लासला तीन पॅरामीटरांचा कन्स्ट्रक्टर जोडला. कोड सुंदर दिसायला लागला, बिल्ड पास झालं, सगळे घरी गेले. दुसऱ्या दिवशी सगळं शहर गेरमध्ये, रंगपंचमीच्या मिरवणुकीत. सुट्टी संपल्यावर सकाळी काउंटरवरच्या ताईंचा फोन: ‘अहो, पावत्या घेतल्या जातायत, पण यादीत एक दिसेल तर शपथ.’ आपलं बटण नीट दाबलं गेलं नसेल असं वाटून त्यांनी त्याच पावत्या पुन्हा भरल्या होत्या. पहिल्या वेळच्या सगळ्या डेटाबेसमध्ये सुखरूप बसलेल्या होत्या. कोडची दुरुस्ती एका ओळीची होती, दुबार पावत्या निस्तरायला मात्र दोन दिवस गेले. तेव्हापासून हा क्रम पाळतो.

पहिली गोष्ट: लॉगमधली शेवटची ‘कॉज्ड बाय’

पैसा लागत नाही, कोड उघडावा लागत नाही. तरी दहातले आठ जण ब्राउझरमधल्या एररचा मोबाइलने फोटो काढून पाठवतात. ब्राउझरमध्ये वरचं आवरण दिसतं, खरं कारण लॉगच्या तळाशी असतं. शेवटची ‘कॉज्ड बाय’ ओळ शोधा.

तिथे ‘नो सच मेथड’ आणि पुढे कोनी कंसात ‘इनिट’ असेल, तर रिकामा कन्स्ट्रक्टर खरोखरच नाही. ‘इनिट’ हे क्लास फाइलमधलं कन्स्ट्रक्टरचं नाव. ‘इलीगल अ‍ॅक्सेस’ असेल तर कन्स्ट्रक्टर आहे, पण बाहेरच्याला दार बंद. ‘इन्स्टॅन्शिएशन’ एवढंच असेल तर क्लास अ‍ॅबस्ट्रॅक्ट आहे का किंवा इंटरफेसचंच नाव दिलंय का ते बघा. ‘इन्व्होकेशन टार्गेट’ असेल तर कन्स्ट्रक्टर सापडला, चालायलाही लागला, पण आतला कोड कोसळला: फाइल मिळाली नाही, डेटाबेस लागला नाही. त्याचा या लेखाशी संबंध नाही, खाली जी दुसरी एरर आहे तिच्या मागे लागा.

‘क्लास नॉट फाउंड’ किंवा ‘नो क्लास डेफ फाउंड’ असेल तर क्लासच जागेवर नाही. टॉमकॅट ९ वरून १० वर गेलात आणि हे सुरू झालं, तर नावात ‘जावाएक्स डॉट सर्व्हलेट’ आहे का बघा. १० पासून ते पॅकेज ‘जकार्ता’ झालं. रिकामे कन्स्ट्रक्टर कितीही जोडा, हा प्रश्न त्याने सुटायचा नाही.

हे पाचही बिघाड ब्राउझरात एकसारखे दिसतात, म्हणून ही पायरी आधी.

दुसरी: शिळं बिल्ड

क्लीन करा, पुन्हा बिल्ड करा, टॉमकॅट थांबवा, त्याच्या वर्क फोल्डरमधला तुमच्या अ‍ॅप्लिकेशनचा भाग काढून टाका, मग सुरू करा. जेएसपीतून बनलेले सर्व्हलेट तिथे साठलेले असतात. हे न करता पुढे गेलात तर एक विचित्र फजिती होते. तुम्ही बरोबर दुरुस्ती करता, एरर जात नाही, म्हणून ती दुरुस्ती चुकीची समजून उलटवता आणि मग रात्रभर चकवा लागल्यासारखे फिरत राहता.

तिसरी: सर्व्हरवर गेलेल्या क्लासला विचारा

यात एक मिनिट जातं, आणि माझ्या मते सगळ्या लेखात एवढंच केलंत तरी पुष्कळ आहे. जेडीकेबरोबर (जावाच्या साधनांच्या संचाबरोबर) जावापी नावाचा छोटा प्रोग्राम येतो. वेब-इन्फच्या आतल्या क्लासेस फोल्डरमध्ये जाऊन, प्रायव्हेटसकट सगळं दाखवणारा ‘वजा पी’ पर्याय लावून, तो आपल्या क्लासवर चालवा. क्लासमध्ये प्रत्यक्षात कोणते कन्स्ट्रक्टर आहेत, कोणते गेटर-सेटर आहेत, त्यांचे टाइप काय, सगळं एका पडद्यात येतं.

एडिटरमधला सोर्स का नाही बघायचा? सोर्स म्हणजे तुम्हाला काय हवं होतं ते. क्लास फाइल म्हणजे सर्व्हरला काय मिळालं ते. मधे कंपायलर असतो, गेटर-सेटर, कन्स्ट्रक्टर आपोआप घालणारा लॉम्बॉक असतो, जुनी जार (क्लासांचं गाठोडं) असते, दुसऱ्या ब्रँचवरून केलेलं बिल्ड असतं. मी सोर्सवर वाद घालत नाही. मुलगा ‘सर, आहे ना कन्स्ट्रक्टर, हा बघा’ म्हणाला की मी फक्त म्हणतो, ‘जावापी चालव.’

आउटपुटमध्ये क्लासच्या नावापुढे रिकामे कंस असलेली ओळ हवी, आणि जेएसपीसाठी तिच्या आधी ‘पब्लिक’ हवं. हायबरनेट जेपीएच्या (जावातून डेटाबेस वापरायच्या मानकाच्या) नियमाने चालतो, त्याला ‘प्रोटेक्टेड’ही पुरतं. मी एन्टिटीला प्रोटेक्टेडच ठेवतो, म्हणजे आपलाच कोणी सहकारी चुकून अर्धवट ऑब्जेक्ट बनवत नाही.

ओळ आहे, पण ‘पब्लिक’ नाही? मग बहुधा क्लासच पब्लिक नसणार. कंपायलरने घातलेल्या कन्स्ट्रक्टरला क्लासचीच दृश्यता मिळते. एकाच फाइलमध्ये दोन क्लास कोंबले की दुसऱ्याला पब्लिक लावता येत नाही, आणि कॉलेजच्या प्रोजेक्टात हे हमखास सापडतं. वेगळी फाइल करा.

चौथी: कन्स्ट्रक्टर गेला कुठे

जावापीत रिकामा कन्स्ट्रक्टर नसेल तर आता सोर्स उघडा.

सरळ प्रकरण असेल तर कोणीतरी पॅरामीटरवाला लिहिलेला असतो. त्याच्या डोक्यावर रिकामा कन्स्ट्रक्टर हाताने लिहा आणि वर एका ओळीची टीप टाका की हा हायबरनेटसाठी आहे, काढू नये. ही टीप आळस न करता लिहा. पुढच्या वर्षी येणारा नीटनेटका माणूस ‘कोणी वापरत नाही’ म्हणून तो पुसणार, कारण त्याचा एडिटरही त्याला तेच सांगणार.

लॉम्बॉकचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं, आणि आजकाल माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात. नुसतं ‘@डेटा’ लावलेल्या साध्या क्लासला रिकामा कन्स्ट्रक्टर मिळतो. एखादं फील्ड ‘फायनल’ केलंत, किंमत तिथेच दिली नाहीत, की त्या फील्डची किंमत मागणारा कन्स्ट्रक्टर बनतो आणि रिकामा जातो. ‘@बिल्डर’ जोडलात की सगळी फील्डं मागणारा बनतो, तोही पॅकेजपुरता, आणि रिकामा पुन्हा गायब. मग मुलं ‘@नोआर्ग्सकन्स्ट्रक्टर’ लावतात आणि आता बिल्डरच कंपाइल होईनासा होतो, कारण त्याला सगळ्या फील्डांचा कन्स्ट्रक्टर लागतो. ‘@ऑलआर्ग्सकन्स्ट्रक्टर’ही बरोबर लावा. बिल्डर ठेवायचा असेल तर हे तिघं एकत्रच नांदतात.

आतल्या क्लासचं दुखणं वेगळंच. सर्व्हलेटच्या किंवा कंट्रोलरच्या पोटात क्लास लिहिला आणि ‘स्टॅटिक’ लावलं नाही, तर कंपायलर त्याच्या कन्स्ट्रक्टरला बाहेरच्या क्लासचा ऑब्जेक्ट हा एक लपलेला पॅरामीटर देतो. सोर्समध्ये कंस रिकामे दिसतात, जावापीत मात्र बाहेरच्या क्लासचं नाव कंसात बसलेलं असतं. ‘स्टॅटिक’ एवढा एक शब्द औषध.

वारसा असेल तर बिघाड पसरतो. वरच्या क्लासमधला रिकामा कन्स्ट्रक्टर गेला की खालच्या सगळ्यांचं कंपाइल अडतं, आणि इथे निदान कंपायलर ओरडतो तरी. पण घाईत माणूस काय करतो? खालच्या प्रत्येक क्लासला पॅरामीटरवाला कन्स्ट्रक्टर लिहून ओरडणं बंद करतो. म्हणजे एका क्लासची गोष्ट आता पाच क्लासांची झाली, आणि पाचही सर्व्हरवर जाऊन फुटतील. खालून वर नका जाऊ, आधी वरच्याला रिकामा कन्स्ट्रक्टर परत द्या.

एक विनोदी प्रकार. मुलगा रिकामा कन्स्ट्रक्टर लिहितो आणि सवयीने नावापुढे ‘व्हॉइड’ टाकतो. झाली ती साधी मेथड! क्लासचंच नाव असलेली मेथड जावाला चालते. दुसरा कन्स्ट्रक्टर नसला तर कंपायलर आपला फुकटचा घालतो, म्हणून एरर येत नाही, फक्त त्या ‘व्हॉइड’वाल्यात लिहिलेलं काहीच चालत नाही. लिस्ट बनलेली नसते आणि तीन पानं पुढे नल पॉइंटर येतो. आजवर अशा चार-पाच केसेस पाहिल्यात, आणि सोर्सकडे टक लावून त्या कोणालाच दिसल्या नव्हत्या. मलाही नाही.

क्लासला पॅकेज नसेल तर यूजबीन त्याला ओळखणार नाही. जेएसपीतून बनणारा सर्व्हलेट स्वतः एका पॅकेजमध्ये असतो, आणि पॅकेजमधल्या कोडला बिनपॅकेजचा क्लास वापरता येत नाही. पॅकेज द्या, विषय संपला.

आणि रेकॉर्ड, म्हणजे फक्त डेटा धरणारा आटोपशीर क्लास, जो जावा १६ पासून भाषेत पक्का झाला: त्याला फुकटचा रिकामा कन्स्ट्रक्टर नसतो, सेटर नसतात, गेटरच्या नावात ‘गेट’ही नसतं. जॅक्सन २.१२ पासून त्याला समजून घेतो, पण जेपीएची एन्टिटी म्हणून रेकॉर्ड वापरायचा हट्ट सोडा.

पाचवी: नावं

इथून पुढे एरर कमी, मनस्ताप जास्त. ऑब्जेक्ट बनतो, किंमत आत जात नाही.

नियम साधा वाटतो. ‘गेट’ काढा, उरलेल्यातलं पहिलं अक्षर छोटं करा, ते प्रॉपर्टीचं नाव. पण एक पोटनियम आहे: उरलेल्यातली पहिली दोन्ही अक्षरं मोठी असतील तर काहीच छोटं करायचं नाही. हा नियम केला तो ‘यूआरएल’सारख्या आद्याक्षरी नावांसाठी. ‘गेट’नंतर तिन्ही अक्षरं मोठी असली तर प्रॉपर्टीही तिन्ही मोठ्या अक्षरांचीच राहते.

आता छोटा ‘ई’ आणि मोठा ‘एम’ घेऊन ‘ईमेल’ नावाचं फील्ड करा. लॉम्बॉक ‘गेट’नंतर ‘ई’ मोठा करतो. दोन मोठी अक्षरं शेजारी आली, पोटनियम लागला आणि प्रॉपर्टी झाली मोठ्या ‘ई’ची. जेएसपीत तुम्ही छोट्या ‘ई’ने मागता, उत्तर येतं ‘प्रॉपर्टी नॉट फाउंड’. एक्लिप्सने बनवलेल्या गेटरमध्ये तो ‘ई’ छोटाच राहतो, म्हणून वर्षानुवर्षं चाललेला प्रोजेक्ट लॉम्बॉकवर नेला की नेमका ईमेल दिसेनासा होतो. जॅक्सन २ चं तिसरंच: सुरुवातीची सगळी मोठी अक्षरं तो छोटी करतो. एक फील्ड, तीन नावं. भांडत बसू नका, दुसरं अक्षर मोठं असलेलं नाव ठेवूच नका.

जाता जाता, जावाला देवनागरी नावं चालतात. ‘नाव’ नावाचं फील्ड खरंच कंपाइल होतं, आणि आपल्या लिपीत मोठं-छोटं अक्षर नसल्यामुळे ही भानगडच उरत नाही. ऑफिसात कोणी करू देणार नाही, ते सोडा.

दुसरा ठरलेला अपघात ‘इज’चा. फील्डचं नाव ‘इजअ‍ॅक्टिव्ह’, टाइप साधा बूलियन. लॉम्बॉक आणि बरेच एडिटर गेटर बनवतात ‘इजअ‍ॅक्टिव्ह’, सेटर ‘सेटअ‍ॅक्टिव्ह’. झाली प्रॉपर्टी नुसती ‘अ‍ॅक्टिव्ह’. समोरून येणाऱ्या जेसनमध्ये मात्र ‘इजअ‍ॅक्टिव्ह’. स्प्रिंग बूटमध्ये जॅक्सन अनोळखी नावं मुकाट्याने सोडून देतो, म्हणून खातं कायम बंदच दिसतं. फील्डच्या नावात ‘इज’ नको. आणि मोठ्या ‘बी’चा बूलियन असेल तर बीनच्या नियमात ‘इज’चा गेटर गेटर धरलाच जात नाही, तिथे ‘गेट’च हवा.

सहावी: सेटर दिसतो, पण सेटर नाही

सेटरने काही परत करायचं नाही, ‘व्हॉइड’च हवा. साखळीसाठी ‘रिटर्न धिस’ केलंत की जावाच्या इन्ट्रोस्पेक्टरच्या (गेटर-सेटर शोधणाऱ्या भागाच्या) लेखी ती प्रॉपर्टी फक्त वाचायची झाली. स्प्रिंग आणि जॅक्सन खपवून घेतात, जेएसपी नाही. म्हणून ‘तिकडे चालतं, इकडे का नाही’ हा प्रश्न. गेटर तारीख देतो आणि सेटर स्ट्रिंग घेतो, अशीही जोडी जमत नाही.

एक मात्र बिघाड वाटतो आणि बिघाड नसतो. जेएसपीच्या सेटप्रॉपर्टी टॅगला फॉर्मचा रिकामा रकाना आला तर तो सेटरला हाकच मारत नाही, आधीची किंमत तशीच ठेवतो. बीन सेशनमध्ये असेल तर माणूस पत्ता पुसतो, सेव्ह करतो आणि जुना पत्ता परत हजर. मी यात एकदा अख्खा शनिवार घालवलाय. सेटरमध्ये लॉग टाका, हाक आली नाही तर हेच.

आणि एक ताकीद. वैतागून सगळ्या फील्डांना सेटर लावून टाकू नका. त्याच टॅगमध्ये प्रॉपर्टीच्या जागी तारा (*) टाकला तर रिक्वेस्टमधलं जे नाव जुळेल ते भरलं जातं. बीनला भूमिकेचा (रोलचा) सेटर असेल तर ब्राउझरच्या पत्त्यात एक पॅरामीटर वाढवून कोणीही स्वतःला अ‍ॅडमिन करून घेईल. बीनच्या संकेतात असं बरंच अनपेक्षित दार असतं. प्रत्येक ऑब्जेक्टला ‘गेटक्लास’ असतोच, तो दिसतो गेटरसारखा, म्हणून ‘क्लास’ ही प्रत्येक बीनची प्रॉपर्टी ठरते. २०२२ मध्ये स्प्रिंगमधली स्प्रिंगफोरशेल ही सुरक्षेतली भेग याच वाटेची होती: जावा ९ पासून क्लासवरून मॉड्यूलवर, तिथून क्लासलोडरवर (क्लास मेमरीत आणणाऱ्या भागावर), आणि तिथून सर्व्हरच्या आत.

इथे थांबा

कोड दुरुस्त करण्यापलीकडे काही प्रसंग आहेत, तिथे हात लावू नका.

चालू सर्व्हरवर पैशांच्या किंवा रुग्णांच्या नोंदी असतील आणि बिघाड ‘साठतं पण दिसत नाही’ किंवा ‘रकाना रिकामा साठतो’ असा असेल, तर पहिल्यांदा फॉर्म बंद करा. काउंटरला सांगा की पुन्हा भरू नका, कागदावर लिहून ठेवा. मग डेटाबेस सांभाळणाऱ्याला बोलवा. कन्स्ट्रक्टर तुम्ही दोन मिनिटांत घालाल, पण मधल्या वेळात काय साठलं ते बॅकअप घेऊन, जुळवून बघणं हे त्याचं काम. यादीतून दुबार ओळी अंदाजाने पुसायला घेऊ नका. पतसंस्थेत मी त्या मोहात पडलो होतो, सुदैवाने ताईंनी ‘आधी कागद जुळवू’ म्हणून हात धरला.

लॉगमध्ये एकच क्लास स्वतःलाच ‘कॅनॉट बी कास्ट टू’ म्हणत असेल, म्हणजे दोन्हीकडे नाव तंतोतंत सारखं, तर तो क्लास दोन क्लासलोडरांनी आणलाय. बहुधा एक प्रत टॉमकॅटच्या लिबमध्ये आणि दुसरी तुमच्या वॉर फाइलमध्ये (वेब अ‍ॅपच्या गाठोड्यात) असते. एकट्याचं अ‍ॅप असेल तर एक काढा. त्या टॉमकॅटवर आणखी अ‍ॅप्स असतील तर सर्व्हर सांभाळणाऱ्याशिवाय काहीही हलवू नका.

रिस्टार्टनंतर लोकांची सेशनं उडत असतील आणि लॉगमध्ये ‘नो व्हॅलिड कन्स्ट्रक्टर’ असेल, तर तो सीरियलायझेशनचा, म्हणजे ऑब्जेक्ट साठवून परत उभा करण्याचा, मामला. सीरियलायझेबल क्लास परत उभा करताना जावा त्याचा स्वतःचा कन्स्ट्रक्टर चालवत नाही. वारशात वर जाताना जो पहिला सीरियलायझेबल नसलेला क्लास लागतो, त्याचा रिकामा कन्स्ट्रक्टर चालवते, आणि तो नाही म्हणून रडते. तो वरचा क्लास विकत घेतलेल्या जारमधला असेल तर जार उघडून छेडछाड करू नका, ती देणाऱ्याला कळवा.

आणि रिकामा कन्स्ट्रक्टर आहे, पब्लिक आहे, बिल्ड ताजं आहे, नावं जुळतात, तरी फुटतंय आणि दोन तास झालेत? उठा. जाणत्या माणसाला फोन करण्याआधी तीन गोष्टी हाताशी ठेवा: लॉग पहिल्या ओळीपासून शेवटच्या ‘कॉज्ड बाय’पर्यंत, अक्षरांत, फोटो नाही. सर्व्हरवरच्याच क्लासवर चालवलेल्या जावापीचं आउटपुट. आणि शेवटचं चालत होतं तेव्हापासून गिटमध्ये काय बदललं ती यादी, ‘काही बदललं नाही’ असं ठामपणे वाटत असलं तरीसुद्धा.